पंखा नसलेली होडी

बा, मी होडी घेतली. जुनी आहे, दुसऱ्यांनी वापरलेली, आणि मासे मारायला घेतलेली नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. फिरायला घेतली. रविवारी घरच्यांनी बसायचं, खाडीत दोन तास हिंडायचं, डबा खायचा आणि परत यायचं, एवढ्यासाठी. तू असतास तर आधी तोंडातलं पान थुंकून आला असतास आणि मग म्हणाला असतास, "ही काय फिराची जागा हाय?" पण तू नाहीस. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. मला आता कुणाची परवानगी घ्यायची नव्हती, म्हणून घेतली नाही.

तुला तो दिवस आठवत होता की नाही, मला कधी कळलं नाही. मला आठवतो. मी बारा वर्षांची. नारळी पुनव चार दिवसांवर आलेली, तुझी होडी धक्क्यावर ओढून ठेवलेली, तिला नवा निळा रंग लागलेला. पुढच्या टोकावर तू पेंटरकडून आईचं नाव लिहून घेतलं होतंस, पिवळ्या अक्षरांत. कोळीवाड्यातली मी एकटी मुलगी होते जिच्या आईचं नाव पाण्यावर फिरायचं, आणि मला त्याचा फार तोरा होता. ते नाव जवळून बघायला मी गेले आणि बघता बघता आत चढले. आत मी काही केलं नाही, वल्ह्याला हातसुद्धा लावला नाही, नुसती बसले. तू जाळं शिवत होतास तो उठलास, माझा दंड धरलास आणि मला उचलून चिखलात ठेवलंस. "बायमानसाचा पाय लागला," म्हणालास, ओरडून नाही, शांतपणे, आणि ते जास्त लागलं. पाच-सहा माणसं बघत होती. मग तू होडी धुतलीस. त्यासाठी पाण्याच्या दोन घागरी तू आईलाच आणायला लावल्यास, आणि होडीपुढे पुन्हा नारळ फोडलास.

सगळ्या वाड्यात हा रिवाज नव्हता, बा. शेजारच्या घरातल्या बायका होडीत बसून पलीकडच्या गावात लग्नाला जायच्या. आपल्याच घरात होता, तुझ्या बापाकडून तुझ्याकडे आलेला, आणि तू तो डोळ्यात तेल घालून सांभाळलास. पुढे आईचं नाव लिहायचं आणि आईनं मात्र डोक्यावर पाटी घेऊन बाजारापर्यंत चालत जायचं. कालवं आणि निवट्या काढायला तिनं गुडघाभर गाळात उतरलेलं चालायचं, होडीत पाय ठेवलेला चालायचा नाही. चिखल बायकांचा आणि पाणी पुरुषांचं, अशी वाटणी कुणी केली होती कोण जाणे. त्या वर्षी मासळी कमी आली, तर कितीतरी दिवस जेवताना तू माझ्याकडे बघायचास. तोंडानं काही बोलला नाहीस, हे कबूल. पण मासा गेला तो वरून येणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यानं गेला, ज्याला तुम्ही सगळे लाल पाणी म्हणायचात. माझ्या पायानं नाही गेला. बारा वर्षांच्या पोरीच्या पायात एवढी ताकद असती तर आणखी काय हवं होतं.

आणि तूच पुढे मला शिकवलंस, तेही लिहायलाच हवं, नाहीतर मी खोटारडी ठरेन. वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा तू ठाण्याच्या बाजारातून स्टीलचा डबा आणलास, झाकणावर माझं नाव कोरून घेतलंस आणि चुलीपाशी ठेवून दिलास. तो डबा मी अजून वापरते. पण त्या डब्यानं तो दिवस फिटत नाही. दोन्ही तूच केलंस, आणि दोन्ही माझ्याकडे वेगवेगळे राहिले आहेत.

आता होडीची गोष्ट. खाडीच्या वरच्या अंगाला एका बिल्डरनं मोठमोठ्या इमारतींबरोबर एक बोटिंग क्लब काढला होता. इमारती उभ्या राहिल्या, क्लब दोन वर्षांत बंद पडला. तिथल्या तीन होड्या शेडमध्ये धूळ खात पडल्या होत्या. आमच्या कारखान्यातल्या एकाचा मेहुणा तिथे वॉचमन, त्याच्याकडून कळलं. मी आणि तुझा जावई एका शनिवारी वर्तकनगरच्या आमच्या घरून स्कूटरवर गेलो. दोन होड्या साध्या निघाल्या. तिसरी पांढरी, अंगावर नारिंगी पट्टे, सहा माणसांची. वॉचमन म्हणाला, "ताई, ही जेट बोट. हिला पंखाच नाय. खालून पानी खेचते, मागून फेकते. कमी पान्यात पन पळते." जावई तुझा कोर्टात कारकून, त्याला वाटलं आपल्याला फसवताहेत. मी मात्र झाकण उघडून आत हात घातला, शाफ्ट फिरवून बघितला आणि मला हसूच आलं. अठरा वर्षं मी रोज हेच तपासते. तो पंप होता, बा. पंपाच्या भोवती कुणीतरी होडी बांधली होती. आतलं चक्र आणि बाहेरची रिंग यांच्यात करंगळी जाईल एवढी फट पडली होती, ती दाखवून मी भाव खाली आणला आणि रिंग नंतर कारखान्यातल्या टर्नरकडून नवी करून घेतली. तुझ्या आयुष्यात तू कधी होडी घेताना असा हात घातला नसशील. मी घातला, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

धक्क्यावर ती टेम्पोतून उतरवली तेव्हा वाडा गोळा झाला. तुझा लेक, माझा धाकटा भाऊ, आता रेतीच्या बार्जवर जातो, जाळी कधीच सुटली त्याची. तो होडीखाली वाकून बराच वेळ शोधत राहिला. मग उठून सगळ्यांना म्हणाला, "खरंच पंखा नाय रे." म्हाताऱ्या माणसांनीही वाकून बघितलं. जन्मभर ज्यांची जाळी बार्जच्या पंख्यात अडकून फाटली त्यांना ही बातमी केवढी मोठी वाटली असेल, तुला कळेल.

आई मात्र घराबाहेर आली नाही. मी आत जाऊन सांगितलं, उद्या तू पहिली बसायचीस. ती तांदूळ निवडत होती. "मी कशाला," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यासाठीच घेतली. "तुज्या बाला आवडाचा नाय." मी म्हटलं, त्याला आवडायचं नाही म्हणूनच. माझा आवाज चढला होता. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बरं बाय, येते." दुसऱ्या दिवशी ती आली ती नऊवारी खोचून, हातात टोपली आणि कालवं काढायची वाकडी लोखंडी पट्टी घेऊन. मी म्हटलं, आये, आपण फिरायला चाललोय. ती म्हणाली, "रिकाम्या हातानं होरीत बसून लोकांना काय दाखवू?" तर अशी ती बसली. सगळ्या वाड्यादेखत, उजवा पाय आधी. मी मुद्दाम मान वर करून धक्क्याकडे बघत राहिले, कुणी काही बोलतंय का ते. कुणी बोललं नाही. पाणी आणून होडी धुवायला कुणी धावलं नाही.

मी चाक धरलंय. बाजूला धाकटा, मागे आई आणि जावई. होडी अशी उसळते की जावयाचा चष्मा उडून आईच्या टोपलीत पडतो. आई दोन्ही हातांनी कडा धरून बसली आहे, पदर तोंडावर आलाय, ती हसतेय की घाबरलीय ते दिसत नाही. पुढे पाण्यात रोवलेल्या मेखांची रांग आहे, जिथे तुम्ही जाळी लावायचात. तिथून वळसा घालायचा हे मला न सांगता माहीत आहे. धाकटा म्हणतो, "ताई, वळसा कशाला? आपल्याला पंखा नाय, बिनधास्त सरल जा." आणि मी जाते. बा, मी जाते. कारखान्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते, चालू पंपाच्या तोंडापाशी चिंधी आणू नका, पंप काही ओळखत नाही, समोर येईल ते ओढतो. आणि त्या क्षणी मी पंपवाली राहिले नाही, कोळ्याची पोर झाले, आणि पंखा नाही म्हणजे जाळ्याची भीती नाही, एवढंच डोक्यात राहिलं. मेखेला कुणाचं तरी टाकून दिलेलं जाळं लोंबत होतं. होडीनं ते शेवयांसारखं ओढून घेतलं. इंजिन एकदा किंचाळलं आणि बंद पडलं.

ओहोटी लागली होती. अर्ध्या तासात आम्ही गाळावर बसलो, एका अंगाला कललेले, धक्क्यावरून स्पष्ट दिसू असे. तिकडून शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडलं, "पंखा लाव गो पंखा." धाकट्यानं चाकू काढला आणि खाली वाकला, तर आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "कापतोस काय? कापलेले तुकरे आत जातील, मंग? जालं सोरवाचं असतं." तिनं लुगडं आणखी वर खोचलं आणि गाळात उतरली. जावई घाबरून तिचा हात धरायला गेला, तिनं झटकला. त्या गाळात चालायचं कसं हे आमच्यात तिला एकटीलाच माहीत होतं. आडवं झुकून तिनं होडीच्या पोटाखाली हात घातला, ती वाकडी पट्टी जाळीतून आत सरकवली, आणि तासभर एकेक फास सैल करत बसली. मी वरून झाकण उघडून शाफ्ट तिच्या सांगण्याप्रमाणे उलटा फिरवत होते. "थांब. आता फिरव. थांब बोलले ना." असा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तूही ऐकला नसशील.

सगळं जाळं निघालं, एक दोराही न तुटता. मग भरतीची वाट बघत बसलो. आई तशीच चिखलाच्या पायांनी वर चढली, तिनं डबा उघडला आणि आम्ही तिरक्या होडीत बसून बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाल्ली. मला भरून आलं होतं. मी तिला म्हटलं, आये, आज तू होतीस म्हणून. आणि पुन्हा म्हटलं, बघ, तुझ्यासाठी घेतली ना मी ही.

तिनं बोटं चाटली. "माज्यासाटी?" म्हणाली. "माज्यासाटी घेवाची होती तर मना इचारलं असतंस. मी फ्रीज मागितला असता. उरलेला म्हावरा रोज शेजारनीकरं ठेवते मी."

मी म्हटलं, काल नको म्हणायचं होतंस. तिनं मला भाकरीचा तुकडा पुढे केला आणि अगदी सहज म्हणाली, "तुज्या बाला नको बोलले का कवा? मंग तुला काय बोलू?"

बा, मी चौदा वर्षं तुझ्याशी भांडतेय, मनातल्या मनात, आणि माझ्या बाजूनं आई उभी आहे असं धरून चाललेय. ती कुणाच्याच बाजूला नव्हती. ती आपली होडीबाहेर उभी होती, आधी तुझ्या आणि मग माझ्या. मला तिचा राग आला, मग माझा आला, आणि सगळ्यात जास्त तुझा आला, कारण तिनं माझं नाव तुझ्या शेजारी लावलं. तरीही होडी मी विकणार नाही. तुझा रिवाज चुकीचाच होता, तो मोडला ते बरंच झालं, यातला एक शब्द मी मागे घेत नाही.

हे कुणाला दाखवायचं नाही. कारखान्याच्या जुन्या टेस्ट रिपोर्टांच्या मागच्या बाजूला लिहिलंय, ते फाडून टाकेन. फक्त एक राहिलं. काल मी आईला फ्रीज घेऊन दिला. लाल रंगाचा, मोठा. टेम्पोतून उतरवून आत नेला, स्वयंपाकघरात जागा केली, वायर लावली. ती दारात उभी राहून बघत होती. वायर लावून झाल्यावर मला आठवलं, रंग कुठला हवा ते तिला विचारलंच नव्हतं.