आरशामागचे साहेब

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढाच.) तुझी शुगर कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. आईची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र खात्रीच्या माणसाच्या हाती देते आहे.

तू मागे विचारलं होतंस, तुमचं ऑफिस करतं तरी काय? मी तिथे चहा करते, फरशी पुसते, तरी मलाही धड सांगता येत नाही. कारखानेवाल्यांना काही सुचेनासं झालं की ते आमच्या साहेबांकडे येतात. साहेब त्यांनाच चार प्रश्न विचारतात, उत्तरांना रंग देतात आणि पडद्यावर दाखवतात. मग ते लोक माना डोलावतात. (माझं घरात कुणी ऐकत नाही, ते पडदा नाही म्हणूनच.) दुसरं काम नमुन्याचं. नवीन मिक्सर, नवीन उशी, काय असेल ते एखाद्या घरात फुकट ठेवून यायचं आणि पंधरा दिवसांनी विचारायला जायचं, कसं वाटलं? तोवर घराला सवय झालेली असते. उशी सोडायला कुणी तयार होत नाही.

आता माझी फजिती ऐक. ऑफिसात एका खोलीला भिंतभर आरसा आहे. मला वाटायचं, साहेबांना हौस. रोज पुसता पुसता मी केस नीट करायची, दातात अडकलेलं काढायची. तर म्हणे तो आरसा फक्त आपल्या बाजूने. पलीकडे अंधारात बसलेल्यांना ती नुसती काच! इकडे बायकांना साबणाबद्दल बोलायला बसवायचं आणि तिकडून साबणवाल्याने बघायचं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, म्हणतात. आरसा बघून कुणी विचारतं का, तुझ्यामागे कोण बसलंय म्हणून?

हे कळलं ते मंगळवारी, त्याच आरशासमोर मी तुझ्याशी बोलायचा सराव करत होते तेव्हा. हो, तुझ्याशीच. फोनवर तू "हं, बघू" म्हणतोस आणि फोन वहिनींकडे देतोस, मग मी भाजीच्या भावावर येते. म्हणून एकदा तोंडात बसवून घ्यावं म्हटलं. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दादा, आमची एकच खोली. ह्यांना रात्रपाळी लागली आहे. रखवालदाराने दिवसा झोपायचं नाही तर कधी? आणि आई त्यांना हलवून विचारते, 'जावईबापू, झोप लागली का?' परवा कामावर डुलकी घेताना पकडलं ह्यांना. पुन्हा दिसलात तर घरी बसा, असं बजावलंय. पाळी बदलेपर्यंत आईला तू ने. तुझ्याकडे तीन खोल्या, त्यातल्या एकीत नुसती सायकल!" सायकलीपाशी आवाज असा चढला की हातातलं फडकं मी आरशावर आपटलं.

पलीकडे कपबशी फुटली.

आत मोठे साहेब, साबणाचा मालक आणि तक्ते काढणारी बाई बसली होती. (आम्ही तिला तक्तेबाईच म्हणतो.) मला वाटलं, गेली नोकरी. साहेब बाहेर येऊन म्हणतात, "मावशी, मग दादा काय म्हणाले?"

"अजून विचारलंय कुठे!"

साबणवाला चक्क हळहळला. दुपारी चहा घेऊन गेले, तर पडद्यावर आपलं घर! एक गोल तू, एक गोल मी, मधे आईचा बाण. सायकलीला वेगळा रंग. मार्ग तीन: विनंती करणे, भांडणे, आणखी अभ्यास करणे. (तिसरा त्यांना फार आवडला, त्यांचं पोट त्यावरच आहे.) शेवटी साहेब म्हणाले, पत्र लिहून नम्रपणे विचारा. साबणवाल्याने मात्र जिन्यात गाठून वेगळंच सांगितलं. ते असो.

तर नम्रपणे विचारते. आईला थोडे दिवस नेशील का? वहिनींशी बोल, सावकाश विचार कर. घाई मुळीच नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. साबणवाला म्हणाला, "विचारत काय बसता? विचारलं की माणूस नाही म्हणतो. मी आधी घरात ठेवून येतो."

आणखी ता. क. खात्रीचं माणूस म्हणजे आईच. वाचून होईपर्यंत तिला दारात उभी ठेवू नकोस, आणि वाचताना तोंड वाकडं करू नकोस, ती बघते आहे. तूच बोलावलंस असं मी तिला सांगितलंय. ऐकल्यापासून पिशवी भरून बसली होती, तेव्हा तेवढं सांभाळून घे. सायकल बाहेर काढ. पंधरा दिवसांनी विचारायला येईन, कसं वाटलं.