दक्षिण टोकावरची काठी

३ मार्च
पोचलो एकदाचे, आणि हवा काय सुरेख आहे. बेट तळहाताएवढं. उत्तरेला खडकाळ उंचवटा, मध्ये खुरटं गवत, दक्षिणेला समुद्रात घुसलेलं टोक. माणूस एकही नाही. पूर्वी दगडाची खाण होती. गोडं पाणी आटलं तशी वस्ती उठली. नकाशा अर्धाच झालेला आहे, तो पुरा करायला मला पाठवलंय. आधीचा मोजणीदार वादळाच्या भीतीने घाईघाईत होडीत बसला आणि दक्षिण टोकावर मोजणीची काठी धरून उभा केलेला त्याचा गडी तिथेच राहिला, असं नावाडी सांगत होता. मला हसू आलं.
काठी धरायला माणूस मिळेना, म्हणून बायकोच्या भावालाच आणलंय. एकुलता एक भाऊ आहे, धडधाकट परत आणा, असं तिने दहादा बजावलंय.

५ मार्च
नुसता वैताग. बेटाला फेरा घालून मोजत आलं की शेवटचं माप पहिल्या खुंटीवर जुळायला हवं. जुळत नाही. वाऱ्यात हाका पोचत नाहीत, म्हणून खुणा ठरवल्यात: एक हात वर म्हणजे थांब, दोन्ही वर म्हणजे परत ये. मेव्हण्याची काठी मात्र सतत डुलते. मी तडकलो, तर म्हणाला, दाजी, बेटच वाकडं आहे त्याला मी काय करू.

७ मार्च, दुपार
संध्याकाळी होडी येणार आणि काम अजून अर्धवट. डोकं फिरायची वेळ आली होती. शेवटी दक्षिण टोकावर काठी सरळ दिसली, तसूभरही हलत नव्हती. माप जुळलं. खुशीत दोन्ही हात वर केले. तो निघाला.
तेवढ्यात मागून मेव्हण्याने चहाचा कप पुढे केला. पाय दुखतो म्हणून तो मला न सांगताच तंबूत येऊन पडला होता.

थोड्या वेळाने
एक हात वर धरला की टोकावरून निघालेला तो थांबतो. खाली घेतला की चालायला लागतो. दुर्बिणीतून चेहरा पाहिला — पुन्हा नाही पाहणार. मागे जा म्हणायची खूणच नाही. आम्ही ती ठरवलीच नव्हती.

ऊन उतरताना
हात लाकूड झाला. मेव्हण्याला म्हटलं, आता तू धर. धरलाय बिचाऱ्याने. गडी अगदी जवळ आलाय, काठी सरळ — भीती वाटते. कुठून दुर्बुद्धी झाली आणि याला आणलं. घरी काय तोंड —
होडी दिसली. मेव्हण्यालाही दिसली. नावाड्याला बोलवायला त्याने आनंदाने दोन्ही हात —