घर क्रमांक चौसष्टचं शेवटचं पान

प्रिय नाइते ताई,

तुझ्या आणि माझ्या घरात फक्त तीन घरांचं अंतर, तरी पत्र लिहितोय. फोन केला असता, पण तुझा फोन कायम मुलांच्या हातात असतो, आणि ही गोष्ट भावानं बहिणीशी तोंडानं बोलायची नाही हे तुलाही माहीत आहे. पत्र लोसालिने आणून देईल. ती समोर बसलेली असतानाच वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल. तुझ्या घराच्या फॉर्मवर, नंबर चौसष्ट, मी खोटं लिहिलंय. सोमवारी सकाळी बोट सुटायच्या आत ते खरं करायला हवं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं मला क्रमानं लिहिता येईल.

आना तुला आठवत असेलच. आईबाप आपल्याच हापाई बेटांवरचे, जन्म ऑकलंडचा, तिथल्या विद्यापीठात मोठ्या पदवीसाठी अभ्यास करते. आपल्यासारख्या लांबच्या बेटांवरच्या बायका इस्पितळात एवढ्या उशिरा का पोचतात, हा तिचा विषय. घरोघर जाऊन विचारायला तिला दोन माणसं हवी होती. लोसालिनेला घेतलं, कारण ती दवाखान्यात नर्सच्या हाताखाली असते. मला घेतलं अक्षरासाठी. नववीत शाळा सुटलेल्या मुलाचं असं अक्षर कसं, म्हणून तिनं विचारलं. मी शाळेचं नाव सांगितलं. खरं तर ओहोटीच्या ओल्या वाळूवर तू काडीनं रेघ मारून द्यायचीस आणि अक्षर रेघेखाली उतरलं की माझ्या बोटांवर तीच काडी मारायचीस. मी दहाचा झालो, मुलांच्या खोपटात झोपायला गेलो, आणि ते बंद झालं. त्यानंतर आपण एका चटईवर बसलो नाही. बसायचं नसतंच. मी तक्रार करत नाहीये.

फॉर्म नऊ पानांचा. पहिली आठ पानं माझी: पाण्याची टाकी, छप्पर, ताटात काय असतं, घरातलं कोण परदेशी गेलंय. नववं पान बायकांचं. ते लोसालिने विचारायची आणि मी तोवर किनाऱ्यावर जाऊन उभा राहायचो. पण पानं हातानं उतरून काढायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे ते अकरा प्रश्न मला पाठ झाले. कातडी ओढल्यासारखी होते का, काखेत दुखतं का, हात वर जातो का. असं उतरवता उतरवता एका दुपारी माझा हात थांबला. आई शेवटची दोन वर्षं उकाड्यातही अंगावर टॉवेल घेऊन बसायची. आम्हा पुरुषांना सांगितलं होतं, छातीत सर्दी साचलीय. तिचं सगळं तूच करायचीस, आणि दार लावून करायचीस. मला तेविसाव्या वर्षी, दुसऱ्याच्या कागदावरून कळलं की ती सर्दी नव्हती. तुला तेव्हाच माहीत होतं. कुणाला बोलली नाहीस, ते बरोबरच होतं. पुढची चार पानं उतरवताना माझ्या दोन चुका झाल्या, म्हणून ती पुन्हा लिहिली.

मग लोसालिनेचा चुलता वारला आणि ती आठवडाभर तिकडे गेली. पाच घरं राहिली होती. आनाचं परतीचं तिकीट ठरलेलं, ती म्हणाली, सेमिसी, नववं पानही तूच विचारून टाक. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणायचं ते मला पटकन सुचत नाही. पहिल्या चार घरांत माझी भरपूर थट्टा झाली. विका आजी म्हणाली, "विचार रे बाबा, लाजतोस काय? तुझी नाळ मीच कापलीय, तेव्हा तूही काही घातलेलं नव्हतंस." तिच्या सुनेनं तर प्रत्येक उत्तराआधी, आधी लग्न कर, मग सांगते, असं चालवलं होतं. पण चौघींनी उत्तरं दिली. मी कागदावरून मान वर न करता लिहिली.

पाचवं घर तुझं. मी पायरीवर बसलो, तू आत चटईसाठी केवड्याची पाती सोलत होतीस, मधे पडदा. टाकीचं विचारलं, छपराचं विचारलं. दाजी टोमॅटो तोडायला ऑस्ट्रेलियात जाऊन सात महिने झाले, ते लिहिलं. तेवढ्यात तू पात्यांची जुडी दोरीवर टाकायला उठलीस. पडदा हलला आणि मला दिसलं. जुडी तू डाव्या हातानं टाकलीस, उजवा अंगाशी धरलेला. जुडी पडली, पुन्हा डाव्यानंच उचललीस. गळ्याभोवती टॉवेल होता. मी आठवं पान उलटलं, झालं म्हणालो आणि उठलो. तू म्हणालीस, ताटात लू ठेवलाय, अळूच्या पानात गुंडाळून शिजवलेला, घेऊन जा. मी तो घेऊन भिंतीपलीकडच्या झाडाखाली बसलो आणि तुझं नववं पान तिथे भरलं. अकरा प्रश्न, अकरा वेळा "नाही". अक्षर चांगलं आलं होतं. तेव्हा मला वाटलं, मी तुझा मान राखला.

परवा आनाकडून यादी आली. ऑकलंडहून डॉक्टर बायकांचं पथक येतंय, मोठ्या बेटावरच्या इस्पितळात मंगळवारपासून एकच आठवडा. फॉर्मांवरून नऊ बायकांना बोलावलंय, बोटीचं भाडं तेच देणार. यादीत चौसष्ट नंबर नाही. खाली तिनं माझ्यासाठी लिहिलं होतं की सगळ्यात स्वच्छ फॉर्म सेमिसीचे, एक जागा कोरी नाही, एक खाडाखोड नाही. ते मी बऱ्याचदा वाचलं. काल दवाखान्यातून तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, आता त्या पाचही घरांची नववी पानं बाजूला काढावी लागतील, कदाचित माझ्या हातचे सगळेच फॉर्म, आणि का ते तिला प्रबंधात लिहावं लागेल. मी म्हणालो, लिहा. मग म्हणाली, "तुला त्या घरी पाठवलं मी. भावाला बहिणीच्या घरी. आई मला हेच सांगत आली आणि मी कान दिला नाही." पुढचं तिनं इंग्रजीत सुरू केलं, पण मधेच थांबून आपल्या भाषेत म्हणाली, "फॉर्मचं राहू दे. तू तिला अजून विचारलं नाहीस ना?" मी नाही म्हणालो. "मग विचार. तुझ्या अंदाजावर मी कुणाचं नाव घालू शकत नाही, तिचं उत्तर पाहिजे. बोटीवर जागा धरून ठेवते."

म्हणून हे पत्र. वही घेऊन सकाळपासून बसलोय, तीन कागद फाडले. प्रश्न चौथा, जसा छापलाय तसाच लिहितो, म्हणजे माझे शब्द त्यात येणार नाहीत: तुमच्या स्तनात किंवा काखेत गाठ लागते का? ताई, भाऊ असून मी हे विचारलं. उत्तर मला देऊ नकोस, लोसालिनेला दे. कोरं नववं पान तिच्याकडे आहे, त्यावर मी फक्त घराचा नंबर घातलाय. ती मला काही सांगणार नाही, तशी तिच्याकडून शपथ घेतलीय. तू "हो" म्हणालीस की "नाही", ते मला सोमवारी धक्क्यावर तू दिसलीस की नाही त्यावरून कळेल, आणि मला तेवढं पुरे. बोटीवर मी पुढच्या टोकाला, खोबऱ्याच्या पोत्यांपाशी बसेन, तुझ्याकडे पाठ करून. मुलं विका आजीकडे राहतील, तिला मी विचारून ठेवलंय, कारण सांगितलेलं नाही. असा प्रश्न लिहिल्याबद्दल रीतीप्रमाणे माफीची चटई अंगावर घेऊन, मान खाली घालून, तुझ्या दाराबाहेर बसायला मी तयार आहे. तू हवा तितका वेळ बसव. पण ते मंगळवारनंतर.

तुझाच,
सेमिसी