माती उचलण्याआधी

आई,

आपल्या क्लबची जागा गेली. जमीनमालकाच्या कचेरीतून गेल्या आठवड्यात एका दुपारी आपल्या खजिनदाराला फोन आला आणि त्याच संध्याकाळी त्याने ते कप्तानाला आणि मला कळवलं. महिनाअखेर, म्हणजे या रविवारच्या आत, जागा मोकळी करून द्यायची आहे, तिथे गोदामं होणार. ऐकलेल्या गोष्टीवर विसंबायची मला सवय नाही, म्हणून मी स्वतः कचेरीत फोन केला. तुझ्या ओळखीचे ते म्हातारे मालक मागच्या वर्षी गेले. फोनवर त्यांचा मुलगा होता, फार सभ्यपणे बोलला. म्हणाला, "वडिलांना तुमच्या लोकांचं कौतुक होतं. म्हणून इतकी वर्षं नाममात्र भाड्यावर चाललं. पण आता खलास, मॅडम. तुम्हीच सांगा, या जमिनीवर कोण मोटरसायकली फिरवू देईल?" त्याच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

बाबा गेल्यावर मी तुला दोह्याला आणलं, तेव्हा नजमा भागातल्या त्या दोन खोल्यांत तू दिवसभर एकटी असायचीस. वेस्ट बेमधल्या माझ्या ऑफिसातून संध्याकाळी परत यावं तर तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असायचीस. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या एसींशिवाय काहीही दिसत नव्हतं. "काय बघतेस?" म्हटलं की म्हणायचीस, "पानी टिपकतंय त्यातनं, त्ये बघते." त्याच सुमाराला आमच्या मजल्यावरच्या पोलंडच्या इंजिनिअरने मला विचारलं होतं, की त्याच्या स्पीडवे क्लबच्या बातम्या इंग्रजीत लिहून देशील का. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीही, तुला एकटीला घरी ठेवायचं जिवावर आलं, म्हणून सोबत घेऊन गेले. एवढंच कारण होतं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सपाट खारवट माळ, त्यावर आखलेलं मातीचं लांबट वर्तुळ, आणि कुंपणाच्या आत चार मोटरसायकली. शर्यत चार फेऱ्यांची, मिनिटभरात संपणारी. गाडीला एकच गिअर, वळणं सगळी डावीकडे, आणि प्रत्येक वळणावर मागचं चाक बाहेर फेकून गाडी आडवी घसरवत न्यायची. कप्तान म्हणजे तो इंजिनिअरच. त्याने तुला गाडी दाखवली आणि मी त्याचं बोलणं तुला मराठीत सांगत होते. तू गाडीभोवती एक चक्कर मारलीस आणि विचारलंस, "ह्याला बिरेक कुठाय?"

"ब्रेक नसतो, आई."

"आणि मग थांबतंय कसं?"

मी त्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, थांबायचं नसतंच, वळायचं असतं. मी ते सांगितल्यावर तू पदर सावरून त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "ह्याच्या आईला म्हाईत हाय का ह्ये?" मी भाषांतर करायचं टाळलं, पण त्याने हट्ट धरला. ऐकल्यावर तो म्हणाला, तिला सांगितलेलं नाही. "मग जेवला तरी हाय का?" तू विचारलंस. तो जेवला नव्हता. कुणीच जेवलं नव्हतं. सकाळपासून ट्रॅकवर पाणी मारत होते.

पुढच्या शुक्रवारपासून आपल्या स्वयंपाकघराचं रूप पालटलं. सकाळी सहालाच तेल तापलेलं असतं. तू तिखटमिठाच्या पुऱ्या लाटते आहेस, मी तळते आहे. बटाट्याची सुकी भाजी परातीत निवत ठेवली आहे, लसणाची चटणी खलात आहे, आणि एक्झॉस्ट फॅन बिघडल्यामुळे दोघींचे डोळे चुरचुरत आहेत. "पातळ लाटू नगं, वाऱ्यात वातड हुत्यात," तू मला सांगतेस, मी लाटत नसतानाही. दुपारच्या नमाजानंतर आपण निघतो. डबे मागच्या सीटवर, आणि तू पुढे, मांडीवर चटणीचा डबा घेऊन, तो सांडेल म्हणून कुणावर विश्वास नाही. पहिल्या महिन्यात तू फुकट वाढलंस. मग केरळच्या खजिनदाराने तुला विनवलं, "अम्मा, पैसा लेना पडेगा, क्लब के पास डीजल का भी नहीं है." तुला ते पटायला वेळ लागला. खाऊ घालून पैसे घ्यायचे, ही कल्पनाच तुला ओशाळवाणी वाटायची. पण एकदा पटल्यावर तू अशी कडक झालीस, की कप्तानालाही उधार मिळेना. "ए पोलंड," तू त्याला हाक मारायचीस, "मागचं दे आदी. मग चटणी." कित्येक हिवाळे टँकरच्या पाण्याचा खर्च तुझ्या पुऱ्यांवर निघाला. ही अतिशयोक्ती नाही, खजिनदार अजूनही सगळ्यांना हेच सांगतो.

घरचा ट्रॅक म्हणजे काय, हे तुला समजावताना माझी तारांबळ उडाली होती. बहारीनचा संघ येणार होता आणि तू विचारलंस, की दर वेळी आपणच का बोलवायचं, त्यांच्याकडे जाऊ की. मी म्हटलं, ज्याचा स्वतःचा ट्रॅक त्याला तिकिटाचे पैसे मिळतात, जाहिरातीचे फलक लावता येतात, खाण्याचा ठेला चालतो. ज्याचा नाही त्याने जन्मभर भाडं भरून दुसऱ्याच्या दारात पळायचं. असा क्लब दोन हंगामांत संपतो. तू थोडा विचार करून म्हणालीस, "म्हंजे म्हायेर हाय म्हन की. न्हाई तर कुनाकडं जायाचं त्ये हातात कायतरी घिऊनच जायाचं." एवढ्या कमी शब्दांत क्लबचा हिशेब आजवर कुणी मांडलेला नाही.

तू माझ्यावर एकदाच रागावलीस. मी शर्यतींचा वृत्तांत लिहायचे आणि रविवारी तुला मराठीत वाचून दाखवायचे. तुझ्या हातात निवडायची मेथी असायची. एकदा वाचता वाचता तू हात थांबवलास. "चौथा कोन आला?" मी म्हटलं, पहिल्या तिघांना गुण मिळतात, चौथ्याला शून्य, म्हणून लिहीत नाही. "पळतात किती?" चार. "चारच पळत्यात, आणि त्यातलं बी एक नाव तुला जड हुतंय? त्यो काय घसरगुंडी खेळाय गेल्ता?" मी काहीतरी पुटपुटले, जागा कमी असते वगैरे. "त्येच्या घरी कुनीतरी वाचत असंल," तू म्हणालीस आणि पुन्हा मेथीला लागलीस. त्या आठवड्यात चौथा आलेला मुलगा आपल्या सांगलीकडचा नव्हता, मराठीही नव्हता, फिलिपाइन्सचा होता. तुला त्याने काही फरक पडत नव्हता. तेव्हापासून मी चारही नावं लिहिते. ऑफिसच्या कामातही ती सवय राहिली आहे. माझा संपादक वैतागतो.

त्या हिवाळ्याच्या शेवटी पोरांनी तुला क्लबचं निळं जॅकेट दिलं. साडीवर ते घालून तू सूक वाकिफच्या जुन्या बाजारात धणे-जिरे आणायला गेलीस. मसालेवाला म्हणाला, "अम्मा, रेस करती हो क्या?" तू न हसता म्हणालीस, "करती. तू भाव बराबर लगाव." तो हसत राहिला आणि त्याने मूठभर वेलची वर टाकली. मी शेजारी उभी राहून पाहत होते. गावी असताना बाबांच्या मागे चार पावलं चालणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं होतं.

पहिली जागा गेली तेव्हा तू होतीस. तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं. मग या म्हाताऱ्या मालकांनी औद्योगिक भागापलीकडची पडीक जमीन दिली. ते गाडीतच बसून शर्यत पाहायचे, कडक चहा प्यायचे, आणि ड्रायव्हरला पाठवून तुझ्याकडून चटणी मागवायचे. जागा बदलताना पोरांनी ट्रॅकवरची वरची माती खरवडून ट्रकांत भरली, कारण खडीची भुकटी आणि चिकणमाती यांचं ते मिश्रण जमायला वर्षं लागली होती. नवीन माती विकत घ्यायची ऐपतही नव्हती. तू कुंपणापाशी उभी राहून पाहत होतीस. "आगं, माती बी न्हेत्यात," एवढंच म्हणालीस.

तू गेलीस तेव्हा तुला गावी न्यायचं ठरलेलंच होतं, तूच तसं सांगून ठेवलं होतंस. विमानतळाच्या मालवाहू विभागात मी कागद घेऊन उभी होते, तेव्हा हे सगळे आले. कप्तान साइटवरून तसाच बूट घालून आला होता. खजिनदाराने कुठूनतरी झेंडूची फुलं मिळवली होती. काय करायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते ओळीत उभे राहिले, शर्यतीआधी उभे राहतात तसे. मला रडू तिथे फुटलं. तोवर मी नुसत्या सह्या करत होते. पुढे कृष्णेकाठी सगळं रीतसर झालं. पण या देशात तुझं म्हणून काही उरलं नाही, आई. नजमातली ती इमारत पाडली, तिथे आता काचेचं काहीतरी आहे. तू ज्या ठिकाणी नेहमी उभी राहायचीस त्यांपैकी एकच उरलं होतं. दुसऱ्या वळणाचं कुंपण. धूळ सगळ्यांत जास्त तिथे उडते, म्हणून तिथे दुसरं कुणी थांबत नसे.

क्लबची अवस्था तशी कधीच धड नव्हती. बांधकामांची लाट ओसरल्यावर छोटे कंत्राटदार गेले आणि त्यांचे फलकही गेले. गाड्यांना इंधन म्हणून लागणारं मिथेनॉल महागलं, टायर महागले, रुग्णवाहिका उभी केल्याशिवाय शर्यत घेता येत नाही, आणि ती तासावर पैसे घेते. तुझ्यानंतर खाण्याचा ठेला एका केटररला दिला, तो सँडविच विकतो. तरी रडतखडत चाललं होतं, कारण जागा होती. आता उत्तरेला एका मोटर पार्कच्या मागची जमीन मिळते आहे. लांब आहे, भाडं चौपट आहे, आणि मालकाला वर्षाचे बारा चेक आगाऊ हवेत, पुढच्या तारखांचे, कुणातरी माणसाच्या स्वतःच्या खात्यावरचे. क्लबच्या नावाचे चालणार नाहीत. इथली रीत तुला माहीत आहे. चेक परत आला की केस, आणि केस मिटेपर्यंत देश सोडता येत नाही.

कप्तानाचा करार उन्हाळ्यात संपतो, तो पोलंडला परत चालला आहे. त्याला सही करू देणार नाहीत. मला चेची, म्हणजे ताई, म्हणणारा खजिनदार काल फोनवर म्हणाला, "चेची, मेरे दो बच्चे कॉलेज में हैं. नहीं तो मैं कर देता, कसम से." मला माहीत आहे, त्याने केली असती. उरते मी. क्लबची चिटणीस, मागे कुणी नाही, पगार बरा. पण माझा व्हिसा नोकरीवर आहे, आणि नोकरी पुढच्या वर्षी असेल की नाही हे आमच्या ऑफिसात आता कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. पहिले चार-पाच चेक वटतील एवढे पैसे क्लबकडे आहेत. पुढचे सात-आठ तिकिटांवर आणि नशिबावर.

काल खजिनदाराचा फोन झाल्यावर मी ट्रॅकवर गेले. तिथे कुणी नव्हतं, फक्त पाण्याचा टँकर नेहमीप्रमाणे येऊन थांबला होता. त्या पठाण ड्रायव्हरला अजून कुणी कळवलं नव्हतं. "मॅडम, पानी मारूं? रेस तो है नहीं आज," त्याने विचारलं. मी म्हटलं, "मारो." त्याने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले. "यल्ला," म्हणाला आणि गाडी सुरू केली. टँकरने संथपणे पूर्ण फेरी मारली. माती काळी पडत गेली, आणि दुसऱ्या वळणापर्यंत ओली होईपर्यंत सुरुवातीचा भाग वाळायला लागला होता. मी कुंपणाला हात लावून उभी राहिले. तू काय म्हणाली असतीस, हे मला कळलं नाही. लोक लिहितात तसं, तुझा आवाज ऐकू आला असं मला लिहिता येणार नाही, कारण तो आला नाही.

या शुक्रवारी समितीची बैठक आहे. मी सही करायला तयार झाले, तर शनिवारी सकाळी ट्रक येतील आणि माती भरायला सुरुवात होईल. नाही झाले, तर क्लब विसर्जित करण्याचा ठराव होईल, गाड्या विकायला निघतील, आणि रविवारी मालकाचा ग्रेडर जमीन सपाट करेल. माझ्या उत्तराची वाट पाहतो आहे, असं कुणी बोलून दाखवत नाही. कप्तानाने फक्त एवढंच लिहिलं आहे, तुला जे योग्य वाटेल ते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. वेळेवर मजकूर द्यायची माझी जुनी खोड तू जाणतेस. शुक्रवारनंतर सभासदांना पाठवायची नोटीस मी आजच लिहून ठेवली आहे, दोन्ही प्रकारे. एक नव्या जागेची, एक क्लब बंद झाल्याची. दोन्ही पुन्हा पुन्हा वाचल्या. बंद झाल्याची जास्त चांगली उतरली आहे.