साथीचं नाव

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण कामाला लागलो आहे. मुलीला सातवा महिना संपत आला. नातवंडाचं नाव ठेवायला माझ्याइतका लायक माणूस घरात दुसरा कोण? जन्मनोंदणीच्या खिडकीत चौतीस वर्षं काढली. कुणाचंही नाव सांगा, वय सांगतो. चुकलं तर फार फार तर दोन वर्षं. दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: नाव, अर्थ, शेरा.
संकल्प: रोज पाच नावं.

३ फेब्रुवारी
एक नाव. शेरा: बरं.

९ फेब्रुवारी
परगावाहून मुलीचा फोन. तब्येत ठीक. नावाचं काही ठरलंय का, असं आडून विचारलं. म्हणाली, बघू. म्हणजे माझ्यावरच सोपवलं. मग हिचा विषय निघाला. आई असती तर, वगैरे. ही जाऊन दीड वर्ष झालं, पण पोरीची गाडी शेवटी तिथेच येते. कुकर लावलाय, असं सांगून फोन ठेवला.
कुकर घासायचा पडला होता.

२१ फेब्रुवारी
सध्याची फॅशन अभ्यासायला जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर आता एक चष्मेवाली मुलगी बसते. तिच्या कॉम्प्युटरनं सांगितलं, गेल्या वर्षभरात एकाच नावाच्या एकोणीस मुली. एकोणीस! ही फॅशन नव्हे, साथ. ते नाव माझ्या वहीत येणार नाही. साथीचं नाव, एवढंच लिहितो. आमच्या वेळी हाक मारायला दम लागायचा. आता तोंड उघडेपर्यंत नाव संपलेलं असतं.
खिडकीशी एक बाप पोरीला पार जुनंपुराणं नाव देत होता. न राहवून सांगितलं, अहो, हे नाव साठीपुढच्या बायकांचं, पोर शाळेत मुख्याध्यापिका वाटेल. म्हणाला, माझ्या आजीचं आहे. चष्मेवालीनं मला हळूच बाकावर नेऊन बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, साहेब, जुनी नावं परत येतायत.
काल आलेली पोर मला शिकवते! जुनं नाव परत येत नाही. तारखेसकट लिहून ठेवतो आहे.

१ मार्च
आमचा चौघांचा ग्रुप आहे, ‘घर’ नावाचा. मुलगी, जावई, मी आणि ही. हिचा नंबर अजून कोणी काढलेला नाही. उघडलं की हिचा फोटो. त्यात जावई रोज सकाळी शिळे विनोद टाकतो. आज ग्रुप गप्प करून टाकला. बॅटरी फार खातो. ज्याला बोलायचंय त्यानं सरळ फोन करावा.
नावं: एकूण चौदा. कामाचा वेग समाधानकारक.

६ एप्रिल
मुलगी झाली! आजोबा झालो!
दोन मिनिटं पोर स्वतः बोलली. आवाज अगदी दमलेला. म्हणाली, बाबा, नावाचं विचारायचंय. म्हटलं, विचार की! तर म्हणते, फोनवर नको, तुमचा लगेच कुकर लागतो. ग्रुपवर लिहिते.
ग्रुपवर? आजोबांना विचारायचं ते दूधवाल्याला चिठ्ठी ठेवल्यासारखं? मीही काही कमी नाही. नीट फोन येईपर्यंत ग्रुप उघडणार नाही.

८ एप्रिल
खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरनं जिन्यात नातीचा फोटो मागितला. घरी राहिला म्हणालो. खरं तर मी तरी कुठे पाहिलाय.

११ एप्रिल
फोन आला. बाळाची झोप, बाळाचं दूध. नावाबद्दल अवाक्षर नाही. मग म्हणाली, ग्रुप पाहिलात का? म्हटलं, बघतो. मग बाळ रडायला लागलं.

१९ एप्रिल, संध्याकाळी
यादी पूर्ण. सत्तावीस नावं. दोनशे पानांत सव्वा पान, पण निवडक. नाव हाक मारून तपासावं लागतं. स्वयंपाकघरात उभा राहून बाहेरच्या खोलीकडे सत्तावीस हाका मारल्या. बारावं छान वाटलं. डॉक्टर वर आला, म्हणाला, बरेच पाहुणे आलेत वाटतं.
फोन उचलून पाहिला. चालू आहे.

२८ एप्रिल, सकाळी ८
शेवटी मोठेपणा मीच घेतला. नोंदणीची एकवीस दिवसांची मुदत काल संपली, म्हणजे पोरं अडून बसली असणार. यादीचा फोटो पाठवायला ग्रुप उघडला.
एकशे बारा मेसेज. वरचे जावयाचे विनोद सोडले, तर पहिला मुलीचा, सहा तारखेचा. बाबा, आईचं नाव ठेवावं असं आम्हा दोघांच्याही मनात आहे. पण रोज ती हाक ऐकून तुम्हाला त्रास होणार असेल तर नको. तुम्ही हो म्हणालात तरच.
खाली बाळाचे फोटो. आणि मधून मधून, रोज एक: बाबा?
शेवटचा जावयाचा, कालचा. तुमचं उत्तर नाही, म्हणजे नको असणार. आम्ही समजतो. आज घाईत भरलं. सोबत दाखला.
साथीचं नाव. माझ्या मोजणीत विसावी.
बदलायचा अर्ज असतो. चौतीस वर्षं मीच लोकांना दटावत आलो, नोंद झाली की झाली, खाडाखोड चालणार नाही.
वहीत अठ्ठाविसाव्या ओळीवर हिचं नाव लिहिलं. हाक मारून तपासलं. चाळीस वर्षं नुसतं ‘अगं’ म्हणत आलो होतो. चांगलं नाव आहे. हो म्हणालो असतो. एका मिनिटात हो म्हणालो असतो.
मुलीला फोन लावला. कुकर लावलेला नाही, हे आधीच सांगून टाकलं. ती कुजबुजत म्हणाली, बाबा, बाळ आत्ताच झोपलंय, नंतर बोलूया का?
बरं म्हटलं. मग खरंच कुकर लावला.