विमानाआधी थरथरणारे स्टेशन

आई, विमान नजरेस पडण्याआधीच रेडिओवरचे दूरचे स्टेशन थरथरू लागते, हे कोडे पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. तू मात्र ते कामाला लावले होतेस. सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमधले आपले स्वयंपाकघर. तू ज्वारीचे पीठ मळते आहेस, खिडकीच्या गजाला एरियलची तार बांधलेली, गावाकडचे क्षीण एफएम स्टेशन कसेबसे लागले आहे. गाणे कापरे झाले की तू पिठाच्या हातांनीच पाळण्यातल्या धाकट्याचे कान झाकतेस, आणि मग छपरावरून विमान गडगडत जाते. शेजारच्या खाला हसत म्हणायच्या, "तुम्हारा रेडियो हवाई जहाज का नौकर है क्या?" "नौकर कशाला, चौकीदार आहे!" असे तू ठसक्यात सांगायचीस. आणि मला दरडावायचीस, "तू शिकतीस ना? मग का थरथरतंय ते सांग. ठाऊक नसंल तर अंदाज ठोकू नको."

अंदाज न ठोकता सांगते. स्टेशनची लहर आपल्याकडे दोन वाटांनी येते: एक सरळ, दुसरी विमानाच्या पत्र्यावर आपटून. दुसरीची वाट क्षणोक्षणी बदलते, म्हणून दोन्ही लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडून काढतात. तीच ती थरथर. गाण्यासाठी सोडलेली लहर आकाशावर पहाराही करते. आपण स्वतः काहीच प्रक्षेपित न करता विमान हेरता येते.

माझ्या दोन विद्यार्थिनींनी हाच प्रकल्प घेतला. आठवडेच्या आठवडे संगणकाच्या पडद्यावर नुसता गोंधळ. आज विमान पडद्यावर दिसले नाही तर विषय बदला, असे विभागप्रमुखांनी बजावले होते. दुपारी कॉलेजच्या गच्चीवर एकीचा धीर सुटला. "मॅडम, अपने पास ट्रान्समीटर नहीं, कुछ नहीं, कैसा दिखेगा?" सरळ येणाऱ्या बलाढ्य लहरीत विमानावरून येणारी क्षीण लहर बुडून जात होती; ती बलाढ्य लहर अडावी म्हणून मी अँटेना पाण्याच्या टाकीआड ठेवायला लावला. पडद्यावर एक बारीक तिरकी रेघ उमटली. आकाश रिकामेच होते. मग टाकीमागून विमान निघाले. "वच्चिंदी मॅडम, वच्चिंदी!" आलं, आलं, असे ती तेलुगूत ओरडली, आणि आम्ही तिघी भर उन्हात नाचलो.

तू गेलीस तिथे हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून कबुली इथेच देते. मुली गेल्यावर मी साधा रेडिओ घेऊन पुन्हा गच्चीवर गेले. कोणालाही जमेल असे आहे: एखादे अशक्त, खरखरते एफएम स्टेशन लावायचे, डोळे मिटायचे, आणि आवाज कापरा झाला की विमान असेल तिकडे बोट दाखवून मगच डोळे उघडायचे. एकाच स्टेशनवरून दिशा कळत नाही, हे मी वर्गात शिकवते. तरी तुझे न ऐकता अंदाज ठोकला, बोट दाखवले. साफ चुकले, आणि मी एकटीच खदखदून हसले.