सात नंबरची नळी

सोमवार, ८ सप्टेंबर
नोकरी मिळाली आणि खोलीही. दोन वर्षांत कॉलेज सोडलेल्या माणसाला प्रयोगशाळेचा पांढरा कोट मिळेल असं वाटलं नव्हतं. खोली मिसेस फॉसबर्ग यांच्या घरात, वरच्या मजल्यावर. खिडकीतून रस्त्यापलीकडचं ल्यूथरन चर्च आणि त्याची हिरवळ दिसते. तळघरात त्यांनी भरलेल्या बरण्या आहेत: टोमॅटो, बीट, फरसबी. फरसबीच्या एकोणीस. जेवायला फरसबीचीच थंड कोशिंबीर होती. त्या स्वतः खात नाहीत. म्हणाल्या, साठीनंतर शेंगा माझ्याशी भांडतात, तू खा पोरा, हाडं दिसतायत तुझी.

मंगळवार, ९ सप्टेंबर
काम समजलं. नासलेल्या डब्यांतले जंतू तपासायला आमच्याकडे येतात. उकळत्या पाण्यातही ते मरत नाहीत. बीजाणू होऊन टणक कवचात झोपून राहतात. त्यांचं कोणतं जनुक जागं झालं ते आमचं यंत्र दाखवतं. जागं झालं की पडद्यावर हिरवी रेघ चढते. विषाच्या जनुकाची रेघ चढली तर लगेच मला हाक मार, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. इबारांनी बजावलं आणि वाचायला सुरक्षापुस्तिका दिली. ड्वेन म्हणून सहकारी आहे. मला ‘प्रोफेसर’ म्हणतो. दोनदा हसला. का, ते कळलं नाही.

बुधवार, १० सप्टेंबर
तुलनेसाठी प्रत्येक फेरीत एक नळी निर्दोष अन्नाची लागते. त्यासाठी दुकानातून फरसबीचा डबा आणायचा होता. मी विसरलो. तिसऱ्याच दिवशी हे कसं सांगायचं? माझ्या जेवणाच्या डब्यात मिसेस फॉसबर्ग यांची फरसबी होती. तिचंच पाणी सात नंबरच्या नळीत घातलं आणि कागदावर ‘दुकानातला डबा’ असं लिहिलं. लिहून खोटं बोलण्याची ही पहिलीच वेळ. अक्षर मात्र नीट आलं.

गुरुवार, ११ सप्टेंबर
सात नंबरची रेघ सगळ्यांच्या वर. विषाचं जनुक. हे शक्य नाही. कोणीतरी नळ्या बदलल्या, आणि कपाटाची किल्ली ड्वेनकडे असते. त्याला विचारलं. म्हणाला, प्रोफेसर, मला माझ्याच नळ्या आवरत नाहीत, तुझ्या कशाला पळवू? डॉ. इबारांनी डबा कुठला होता ते पुन्हा विचारलं. दुकानातला, म्हणालो. मग अदलाबदल झाली असणार, सोमवारी पुन्हा करू, असं त्या म्हणाल्या. बोलताना ड्वेनकडे पाहत होत्या. मला बरं वाटलं.
दुपारी त्याला फरसबी देऊ केली. ते गवत तूच चर, म्हणाला. मी संपवली. तो नको का म्हणाला?

शुक्रवार, १२ सप्टेंबर
नळ्यांवर कोणीतरी दुसरं लेबल लावतंय, पहिल्याच्या किंचित वर. नखाने खरवडलं. निघालं एकच. ड्वेन लांबून बघत होता. तोंडाला कोरड आहे. पाण्याची बाटली आता नजरेआड करत नाही.
गडबडीत माझा फोन प्रयोगशाळेच्या लॉकरमध्ये राहिला.
संध्याकाळी टेबलावर दोन मीठदाण्या होत्या. रोज एकच असते. मिसेस फॉसबर्ग रविवारच्या चर्चच्या जेवणाबद्दल सांगत होत्या. फरसबीच्या सहा बरण्यांची कोशिंबीर नेणार, आणि तिथे रांगेत नेहमी मुलं आधी. आईसारखीच साध्या पाण्यात तीन तास उकळते, म्हणाल्या. प्रेशरचं भांडं घरात नको, त्याने मावशीच्या स्वयंपाकघराचं छत उडवलं होतं. मी मान हलवली. माझं लक्ष दुसऱ्या मीठदाणीकडे होतं.

शनिवार, १३ सप्टेंबर
पापण्या उचलल्या जात नाहीत. घास घशात अडकतो. ड्वेनने खालच्या घरच्या फोनवर माझी चौकशी केली म्हणे. त्याला काय पडलंय? त्यानेच काहीतरी दिलं असेल. कॉफीत. डॉक्टर नको म्हणालो. डॉक्टर आला तर प्रयोगशाळेत कळेल, मग तो कागद —

रविवार, १४ सप्टेंबर
पुस्तिका. एक डोळा झाकून वाचली. पान अकरा. एकाचे दोन दिसणे. कोरडं तोंड. जड पापण्या. गिळता न येणे. मग हातपाय. मग श्वास.
ड्वेन नाही. कोणीच नाही. नळी खरं सांगत होती.

मिसेस फॉसबर्ग वर आल्या, चर्चचे कपडे घालून. बोलायला गेलो, नुसता वारा. फ्लू आहे, पड गुपचूप, म्हणाल्या. चिठ्ठी लिहून दिली. फरसबी कोणी खाऊ नका, विष आहे, डॉक्टर बोलवा. अक्षर फार वाकडं. त्यांनी लांब धरली, जवळ धरली. चष्मा गाडीत राहिलाय रे, जेवणं उरकली की वाचते, म्हणाल्या. पर्समध्ये टाकली.

पाय दारापर्यंतही नेत नाहीत. घरचा फोन खाली स्वयंपाकघरात. काच फोडावी तर हात —

हिरवळीवर टेबलं. प्रत्येक माणूस दोनदा. त्या दिसतात, काचेचा मोठा वाडगा घेऊन — मधोमध ठेवला —

पर्स उघडली. रुमाल काढला. मिटली.

घंटा. प्रार्थनेला उभे — आता रांग. इथे मुलं आधी. नेहमी मुलं आधी —

श्वास अर्धाच येतो — लाल फ्रॉकवाली, दोन लाल फ्रॉक — ताट पुढे केलं — त्या वाकून वाढताय